सुजाता, चोराची गोष्ट माझी होती

सुजाता,

आपल्या एचआयव्ही सेंटरच्या फलकावर तुझ्या फोटोखाली लावायला माझ्याकडून अर्धं पान मागितलं होतं. दिलं. त्यात मी तुला मनमिळाऊ म्हटलंय, कर्तव्यदक्ष म्हटलंय, तुझ्या जाण्याने पोकळी निर्माण झाल्याचंही लिहिलंय. वाचून तू नाक मुरडलं असतंस. हे पान वेगळं आहे आणि ते मी कोणाला दाखवणार नाही. मला तुझा हेवा वाटायचा, हे फलकावर कसं लिहिणार? तुला जाऊन तीन आठवडे झाले तरी तो गेलेला नाही, हे तर त्याहून नाही.

आणि हेवा म्हणजे मैत्रिणी-मैत्रिणींतला लाडिक हेवा नव्हे. चांगला पोटात दुखणारा.

आपण एकाच वर्षी लागलो. तू वरच्या मजल्यावर काउन्सेलर, मी खाली लॅबमध्ये. माझ्याकडे मायक्रोबायोलॉजीची डिग्री होती, तुझ्याकडे समाजशास्त्राची. आमच्या इंदूरच्या बडा गणपती भागातल्या घरात चार पिढ्या शिकलेल्या, पणजोबा संस्थानच्या दफ्तरात. तू महूच्या फौजी आजोबांची नात, रोज बसने येणारी. पहिल्या दिवशी मी तुला ‘बस सापडते ना वेळेवर?’ असं विचारलं होतं, ते काळजीने नव्हतं. तुला कळलं होतं. तू म्हणालीस, ‘बस सापडते हो मॅडम, जागा नाही सापडत.’ आणि हसलीस. त्यानंतर आठवडाभरात तू मला शैला म्हणायला लागलीस आणि मला ते आवडलं, हेही तुला कळलं होतं.

माझ्याकडे यायच्या त्या नळ्या. त्यांवर नंबर. या शहरातल्या कितीतरी लोकांचं रक्त मी वर्षानुवर्षं ओळखत आले आणि त्यांतला एकही चेहरा मी पाहिलेला नव्हता. एखाद्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला की ते सगळ्यात आधी मला कळायचं, मशीनसमोर, एकटीला. पेढे मात्र वर तुझ्या टेबलावर वाटले जायचे. एकदा तू त्यातला अर्धा पेढा कागदात बांधून खाली आणून दिलास. मी म्हटलं, मला डायबेटिस आहे. मला डायबेटिस नाही, सुजाता. हेही तुला माहीत होतं. तू तो पेढा माझ्यासमोरच खाऊन टाकलास.

तुझ्याबरोबर बाजारात जाणं मला नको व्हायचं. आपला नियमच होता, पेशंट रस्त्यात भेटला तर आपण ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर हसायचं, नाहीतर नजर पुढे. मला या नियमाचा कधी त्रास झाला नाही, कारण मला कोण ओळखणार? पण तुझ्याबरोबर चाललं की भाजीवाली जराशी मान हलवायची, एखादा रिक्षावाला उगाच हॉर्न वाजवून जायचा, साड्यांच्या दुकानातली एक बाई काउंटरवरून नुसते डोळे मिटून उघडायची. तू तितकंच हसून पुढे. मी विचारायची, ‘कोण गं?’ तू म्हणायचीस, ‘कोणी नाही.’ अख्ख्या इंदूरमध्ये तुझी अशी माणसं पेरलेली होती आणि मी तुझ्या शेजारी पिशवी धरून चालत होते.

महूला तुझ्या पुण्यानुमोदनाला तेच झालं. त्रिशरण सुरू झालं आणि मंडपाच्या मागच्या बाजूला माणसं येऊन बसायला लागली. तुझ्या भावाने एकाला विचारलं, ‘आप?’ तो म्हणाला, ‘ओळखीचा. ताईंच्या ओळखीचा.’ पुढचाही तेच. त्याच्या पुढची बाईही तेच. तुझा भाऊ गोंधळून माझ्याकडे बघत होता, आपल्या बहिणीच्या एवढ्या ओळखी आल्या कुठून म्हणून. मला माहीत होतं. या सगळ्यांचे नंबर माझ्या रजिस्टरमध्ये होते आणि त्यांतलं कोण कोणत्या नंबरचं, हे मात्र मला सांगता येत नव्हतं. मी तेव्हा रडले. लोकांना वाटलं तुझ्यासाठी. पहिली पाच मिनिटं तरी तसं नव्हतं.

आता चोराच्या गोष्टीवर येते.

ट्रेनिंगला मी शिकवत होते, तू पहिल्या रांगेत वही घेऊन. शरीरात लढणाऱ्या पेशी असतात. त्यांतल्या ज्या एकदा एखाद्या आजाराशी लढून आल्या, त्या तो आजार विसरत नाहीत, पुढच्या वेळी चटकन ओळखतात. त्या मेमरी सेल. लस टोचून घेतो ती याच भरवशावर. एचआयव्हीचा डोळा जास्त करून याच पेशींवर असतो आणि त्यांतही तो सगळ्यांशी सारखा वागत नाही, हे माझ्या त्या दिवसाच्या भाषणाचं सार होतं. काही मेमरी सेल शरीराच्या दारांवर, आतड्याच्या अस्तरात वगैरे, हत्यार घेऊन तयार उभ्या असतात. त्यांचं आयुष्य थोडं. पहिल्या काही आठवड्यांत त्यांचीच कत्तल होते. दुसऱ्या प्रकारच्या मेमरी सेल लसिकागाठींमध्ये विसावलेल्या असतात, वर्षानुवर्षं जगतात, आजार परत आला की उठून आपल्यासारख्या पुष्कळ तयार करतात. यांच्यातल्या काहींमध्ये तो राहायलाच जातो. स्वतःचा मजकूर त्यांच्या जनुकांत लिहून ठेवतो आणि गप्प पडतो. तिसऱ्या अगदी थोड्या, बियाण्यासारख्या. बाकीच्या दोन्ही त्यांच्यातून निपजतात. त्या दशकं जगतात. तिथे जो शिरला तो कायमच्या मुक्कामालाच आला. गोळी विषाणूला नव्या पेशीत पाय रोवू देत नाही. पण जो आत गप्प पडलाय त्याला ती शोधू शकत नाही.

सगळ्यांनी उतरवून घेतलं. तू एकटीने हात वर केलास. ‘शैला, म्हणजे ज्या पेशी आधी काहीतरी जिंकून आल्यात, त्यांनाच धरतो का तो?’

मी म्हटलं, जिंकून वगैरे काही नसतं, अनुभवी म्हण. पण घरी जाताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. इतकी वर्षं मी तेच शिकवत होते आणि ते तसं बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी रिपोर्ट द्यायला वर आले, तर तुझ्या खोलीचं दार अर्धं उघडं. तू कोणालातरी सांगत होतीस. ‘देखो भाभी, दरवाजे पे जे चौकीदार उभे होते, त्यांना तर चोराने आल्या आल्या मारलं. आत घरवाले झोपले होते. हा त्यांच्या बिस्तरात शिरला, त्यांचीच चादर ओढून झोपला. आता गोळी काय करते? जो उठून हिंडतो त्याला धरते. झोपलेल्याला नाही धरत. आणि घरवाल्यांना पोरं झाली ना, तर त्यांच्याही बिस्तरात एकेक चोर. म्हणून गोळी रोज. गोळी सोडली, तर कोई न कोई उठेगा.’

मी दाराबाहेर उभी राहून चूक शोधत होते. दारावरच्या पेशी मरतात त्या सगळ्याच काही विषाणू आत शिरून मरत नाहीत, काही आत्महत्या करतात, ते सुटलं होतं. एवढंच सापडलं. बाकी सगळं बरोबर होतं, माझ्या अठ्ठावीस स्लाइड्सपेक्षा बरोबर.

गोष्ट पसरली. भोपाळहून आलेल्या साहेबांनी ऐकली आणि भरल्या सभागृहात विचारलं, ‘ये किसका आइडिया है भई?’ सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी फाइलमध्ये पाहिलं. टाळ्या झाल्या. त्यानंतर जिन्यात मी तुला गाठलं आणि म्हटलं, आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेस तू. तुझा चेहरा पडला, आणि मग तू मला किती दिवसांनी पुन्हा मॅडम म्हणालीस. ‘मॅडम, तुमच्या पिठाला कोणी हात लावत नव्हतं. मी लावला तर पोळ्या झाल्या.’

हे भांडण आपण मिटवलं नाही. डबा एकत्र खात राहिलो, तू माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घेत राहिलीस, पण ते भांडण मधे तसंच राहिलं. दुसरंही एक होतं. मी म्हणायची, पेशंटला पहिल्या दिवशी सगळं सांगायचं, चोर जन्मभर आत राहणार हेसुद्धा. तू म्हणायचीस, ‘सांगायचं, पण एक दिन में नाही. माणूस पचवेल तितकं.’ मी म्हणायची, रक्त पचवत बसत नाही. तू म्हणायचीस, रक्त तुझ्याकडे येतं गं, माणूस माझ्याकडे येतो.

आणि मग त्या बाईचा रिपोर्ट आला.

तिचं नाव मी इथेही लिहीत नाही. परदेशीपुऱ्यातली, नवरा नाही, शेव-नमकीनच्या पॅकिंगला जाते. कित्येक वर्षं तिच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता. त्या दिवशी आकडा वर गेलेला. मी तपासणी पुन्हा लावली. पुन्हा तेच. म्हणजे गोळ्या सुटल्या होत्या आणि आतला कोणीतरी उठला होता. तो कागद घेऊन मी जिना चढले, तेव्हा सुजाता, मला आनंद झाला होता. एका बाईचा जीव धोक्यात होता आणि मी दोन-दोन पायऱ्या चढत होते. या वयात. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

मला खात्रीच होती. तू तिला पुरतं सांगितलं नसणार, ‘पचवेल तितकं’ करत राहिली असणार, आणि तिने चोर गेला समजून गोळ्या सोडल्या असणार. मी तुला विचारलंसुद्धा नाही. महिन्याच्या बैठकीत लेखी दिलं, की रुग्णाला अपुरी माहिती दिली गेली. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून तुझ्याकडे पाहिलं. ‘सुजाता जी?’ तू टेबलाकडे बघत म्हणालीस, ‘माझ्याकडून राहून गेलं, सर.’ बस. भांडली नाहीस, की चिडली नाहीस. त्या वर्षी तुझं नाव राज्याच्या ट्रेनर म्हणून भोपाळला जाणार होतं, ते गेलं नाही. माझं गेलं.

त्यानंतर ती बाई रोज सकाळी दहाला तुझ्या खोलीत यायला लागली. दार लावून तुम्ही दोघी चहा प्यायचात. मी म्हणायची, बघा, पेशंट बिघडवून वर चहापाणी चाललंय. हे मी मोठ्याने म्हणायची.

तू गेल्यावर तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. डॉक्टरसाहेब मला म्हणाले, ‘शैला जी, सुबह-सुबह आप बैठ जाइए कुछ दिन. ट्रेनिंग तो आप ही देती हैं.’ म्हणून मी तुझ्या खुर्चीवर बसते. वाईट बसते. लोक आत येतात, मला बघतात, आणि त्यांच्या तोंडावर जे दिसतं ते मला चांगलं ओळखता येतं, कारण मीही तुला शोधतच आत येते. पहिल्या दिवशी एकाला मी इतकं समजावलं, की तो म्हणाला, ‘मॅडम, बस गोळी दे दो.’

गेल्या सोमवारी ती बाई आली. हातात नमकीनची पुडी होती, ती कोणाला द्यायची हे न कळून तशीच धरून उभी. मी तिला बसवलं. मनाशी ठरवलं होतं, जे तू राहू दिलंस ते मी आज पुरं करणार. मी सरळ सांगितलं, ‘बघा, रिपोर्ट आता परत चांगला आहे. पण तो गेलेला नाही. तो कधीच जाणार नाही. आत झोपलेला आहे.’

ती म्हणाली, ‘मालूम है, मॅडम. ताईंनी तर पहिल्याच साली सांगितलं होतं. बिस्तरवाला चोर.’ मग जरा हसून, ‘तुमचीच ना ती गोष्ट? ताई म्हणायच्या, खाली लॅबमध्ये एक मॅडम आहे, तिने सांगितली आहे, उसका गलत हो ही नहीं सकता.’

मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिच्यासाठी होता आणि मीच प्यायले.

‘मग गोळ्या का सोडल्या होत्या?’

तिने दाराकडे बघितलं. मी उठून दार लावलं. मुलाचं लग्न होतं, सुजाता. दोन खोल्यांचं घर. होणाऱ्या सुनेची आई दवाखान्यात नर्स, लग्नाच्या तयारीला चार-चार दिवस येऊन राहायची. डबी सोडा, नुसती गोळी बघून ओळखली असती. ‘लग्न मोडलं असतं, मॅडम. पोराला काय सांगितलं असतं? मी डबी नालीत टाकून दिली.’ आणि लग्न झाल्यावर सून त्याच घरात. रिपोर्ट बिघडल्यावर, बैठकीच्याही आधी, तिने तुला सगळं सांगितलं, आणि हात धरून शपथ घातली, की कारण कुठे लिहायचं नाही, इथल्या कोणालाच सांगायचं नाही. इथला एक वॉर्डबॉय तिच्याच गल्लीतला आहे. इथे लिहिलेलं संध्याकाळी गल्लीत पोचलं असतं.

‘ताई रागावल्या नाहीत. बोलल्या, घरी नको ना? इथे ये, माझ्यासमोर खा. रोज दहाला त्यांच्या ड्रॉवरमधून गोळी द्यायच्या. वरून चहा. रिकाम्या पोटी नको म्हणून आपल्या डब्यातली पोळी.’

एवढं बोलून तिने विचारलं, ‘ताई गेल्यापासून गोळी नाही, मॅडम. आता कुठे खाऊ?’

मी तुझा ड्रॉवर उघडला. तिची डबी तिथेच होती, तुझ्या रुमालाखाली. मी तिला गोळी दिली. माझ्या डब्यातली पोळी दिली. ती खाईपर्यंत मला तिच्याकडे बघता येत नव्हतं. ती गेल्यावर मी किती रडले ते विचारू नकोस. या वेळी मात्र पहिल्या मिनिटापासून तुझ्यासाठीच.

आणि लगेच रागही आला तुझा. मला तरी सांगायचंस! पण मला कशी सांगणार होतीस? ‘इथल्या कोणालाच नाही’ यात मीही आलेच. आणि मी तर त्या दिवसांत तुझ्या नावाने बोंबलत फिरत होते.

शनिवारी शोकसभा झाली. डॉक्टरसाहेब चांगलं बोलले. तुझ्याइतकं कोणी पेशंटला जीव लावला नाही म्हणाले. मग त्यांच्या सरळपणाने म्हणाले, ‘एक-आध चूक किससे नहीं होती.’ तिथे बसलेल्या प्रत्येकाला ती चूक कुठली ते माहीत होतं. माझ्याच हाताने लिहिलेली होती.

मी उभी राहिले. खरं सांगायचं होतं आणि ते सांगता येत नव्हतं. खरं सांगितलं तर तू दोन वर्षं जे सांभाळलंस ते मी दोन वाक्यांत उधळून टाकलं असतं. दारात तो वॉर्डबॉयही उभा होता, चहाचा ट्रे घेऊन. म्हणून मी खोटं बोलले. म्हटलं, ‘ती चूक सुजाताची नव्हती. चोराची गोष्ट मूळ माझी. आत झोपलेला कायमचा राहतो, हे मीच तिला तेव्हा नीट शिकवलं नव्हतं. तिने माझ्या भरवशावर सांगितलं.’

डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘पर शैला जी, रिपोर्ट तो आपने ही दी थी उसके खिलाफ.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तेव्हा मी गप्प बसले आणि तिच्यावर ढकललं.’

सभा संपल्यावर माझ्या शेजारी कोणी उभं राहिलं नाही. नर्स माझ्यासमोरूनच बोलत गेल्या, ‘बिचारी सुजाता ताई, इतने दिन चुपचाप सुनती रही.’ मी खाली लॅबमध्ये गेले आणि नळ्या लावत बसले. ती गोष्ट माझी होती, हे सगळ्यांनी ऐकावं म्हणून मी इतकी वर्षं तडफडत होते. ऐकलं सगळ्यांनी.

आज मंगळवार. तीन दिवस झाले. ती बाई सकाळी येऊन गोळी खाऊन गेली. जिन्यात लोक मला बघून बोलायचे थांबतात आणि दर वेळी माझ्या जिभेवर येतं, की अहो, तसं नव्हतं, ऐका तरी. दात आवळून मी पुढे जाते. तू हे दोन वर्षं केलंस. ज्या शैलाने तुझं नाव खराब केलं तिच्यासमोर रोज बसून, तिच्याच डब्यातलं लोणचं खात, तिच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करत. मला तीन दिवस जमत नाहीये, सुजाता, आणि मला आताही तुझा हेवाच वाटतोय.